कालच्या भावानं अर्धा किलो

मला मटण आवडतं, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढं जे लिहिणार आहे त्यात माझा स्वार्थ कुठं दडलाय, हे वाचणाऱ्याला शोधत बसायला नको. रविवारी सकाळी गल्लीत कुणाच्या घरी कांदा-खोबरं भाजल्याचा वास सुटला की आमच्या घरातली डाळ मला दिसेनाशी होते. त्यातून आखाड असला तर विचारूच नका. श्रावण लागायच्या आत खाऊन घ्यायचं, लेकीजावयांना बोलवायचं, देवीला निवद दाखवायचा आणि एवढं करून उरलेल्या दिवशी विनाकारण खायचं, असा आमच्या सोलापुरातला आखाड असतो. आमचं घर बौद्ध. आम्हाला श्रावणही नाही आणि निवदही नाही. पण मटणाच्या बाबतीत आम्ही गल्लीशी कधी मतभेद ठेवले नाहीत.

त्या वर्षी आखाड लागला आणि मटणाचा भाव चढायला लागला. आमच्या चौकात एकच मटणाचं दुकान आहे. ते चाचांचं. त्यांच्या वडलांच्या वेळेपासून आहे आणि गल्लीतल्या लहानथोर सगळ्यांना ते चाचाच. दुकानाबाहेर एक काळा फळा टांगलेला असतो, त्यावर खडूनं भाव लिहितात. त्या आखाडात तो आकडा दर दोन-चार दिवसांनी पुसला जायचा आणि नवा लिहिला जायचा, आणि नवा कधी जुन्यापेक्षा लहान नसायचा. कुणी कुरकुर केली की चाचा सुरा चालवता चालवता म्हणायचे, "बाजारात जाऊन बकरं बघा की. हात लावू देत न्हाईत. मी काय परसात पिकवतो का बकरी?" यावर माणसं आणखीच चिडायची.

आमच्या भागात नळाला पाणी रोज येत नाही. ज्या संध्याकाळी येतं त्या संध्याकाळी गल्लीतलं झाडून सगळं माणूस घागरी, बादल्या आणि पाइप घेऊन दारात असतं. त्यामुळं आमच्या गल्लीत आजवर जे काही ठरलंय ते पाणी आलेल्या दिवशीच ठरलंय. त्या संध्याकाळी पाण्याला जोर कमी होता आणि बोलायला वेळ भरपूर होता. पाण्याच्या तक्रारीवरून बोलणं भाजीवर गेलं, भाजीवरून तेलावर आणि तेलावरून मटणावर. मटणावर आलं तसं सगळ्यांचा आवाज चढला. कुणीतरी म्हणालं, घेऊच नका कुणी, आपोआप येतोय भाव खाली. आणि सगळ्यांनी माझ्या वडलांकडं बघितलं.

माझ्या वडलांना आम्ही आणि सगळी गल्ली आबा म्हणतो. ते कापडगिरणीत होते. गिरणीत मोठा संप झाला तेव्हा आबा संपात होते, म्हणून गल्लीत लढ्याचा अनुभव असलेला माणूस कोण, तर आबा. त्या संपानंतर गिरणी पुन्हा कधी उघडली नाही, ही बारीकशी गोष्ट त्या संध्याकाळी कुणाला आठवली नाही. आबांना मात्र आठवत असावी. त्यांनी उगाच घागर विसळली, परत भरली आणि मग म्हणाले, "करायचं तर नीट करायचं. येकानं बी घ्यायचं न्हाय. चाचाशी भांडान न्हाय, शिवीगाळ न्हाय. भाव उतरला की दुसऱ्या मिन्टाला घ्यायला जायचं. आपलं भांडान भावाशी हाय."

मी आबांना इतकं ताठ बसलेलं फार दिवसांत पाहिलं नव्हतं. संपात ते कधी पुढारी नव्हते. पुढारी बोलायचे आणि आबा मान डोलवायचे. म्हातारपणी का होईना, काहीतरी आपण ठरवावं आणि ते एकदा जिंकून दाखवावं, असं त्यांच्या फार मनात होतं. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण त्या रात्री जेवताना त्यांनी आईला दोनदा सांगितलं की एकी असली की कायबी व्हतंय. आई म्हणाली, "व्हय, पर भाकरी थंड हुतीया."

बहिष्काराला सर्वांत कडक पाठिंबा दिला तो समोरच्या सरांनी. सर अक्कलकोटकडचे, शाळेतून निवृत्त झालेले, घरात कानडी बोलणारे आणि सात पिढ्यांत अंडंसुद्धा न फोडलेले. "ध्येय निश्चित असेल तर त्याग अवघड नसतो," असं ते मला म्हणाले. मी म्हटलं, सर, तुम्ही नेमका कशाचा त्याग करताय? त्यावर ते मनापासून हसले आणि व्हॉट्सअॅपवर गल्लीचा ग्रुप आपणच चालवतो, तेव्हा प्रचाराची बाजू आपल्याकडं, असं म्हणून गेले.

पहिला रविवार बघण्यासारखा होता. गल्लीतून एकही पिशवी चौकाकडं गेली नाही. आबा सकाळपासून पांढरा सदरा घालून कट्ट्यावर बसले होते, येणाऱ्याजाणाऱ्याला हात करत होते. चाचांनी दुकानातून दोनदा बाहेर येऊन रस्ता बघितला. दुपारी ते स्वतः आले, आबांच्या शेजारी बसले, आईनं दिलेला चहा घेतला आणि म्हणाले, "आबा, काय लावलंय हे?"

"भाव उतरव. आत्ता पिशवी घिऊन येतो."

"उतरवायला माझ्या हातात हाय का?"

"मग आमच्याबी हातात न्हाय," आबा म्हणाले, आणि दोघं थोडा वेळ पावसापाण्याचं बोलून उठले. दोघांच्या वागण्यात कुठं कडू काही नव्हतं. इतकं सभ्य भांडण मी आमच्या गल्लीत पहिल्यांदा बघत होते आणि मला त्या सभ्यपणाचा रागच येत होता, कारण पातेल्यात वांगं होतं.

चिकनला आबांनी परवानगी दिली होती. त्याचा परिणाम एवढाच झाला की पलीकडच्या चिकनवाल्यानंही भाव वाढवला.

दुसऱ्या आठवड्यात अक्कांनी शंका काढली. अक्का आमच्या शेजारच्या. घरात तेलगू, पूर्वी घरातले सगळे मागावर चादरी विणायचे, आता मुलाचं कपड्याचं दुकान. त्या पाणी भरता भरता आबांना म्हणाल्या, "आबा, तुमचं बरोबर हाय, भाव लई झालाय. पर आमच्या पोचम्माला काय सांगायचं? आखाडात तिला द्यावंच लागतंय की. ती काय म्हणंल, भाव उतरू दे मग खाते?"

आबा अडचणीत आले. देवाधर्माचं ते काही करत नाहीत, पण दुसऱ्याच्या देवाला हात लावायचा नाही, हे त्यांचं पक्कं. थोडा विचार करून ते म्हणाले, "देवीचं असंल तर घ्या. देवीचं बहिष्कारात धरायचं न्हाय."

हे वाक्य बोलताना आपण काय करून बसलोय, हे त्यांना कळलं नाही. मला कळलं, कारण मला माझी गल्ली माहीत आहे. दुसऱ्या दिवशी मरीआईचा निवद राहिलाय हे एका घराला आठवलं. तिसऱ्या दिवशी लक्ष्मीआई कुणाच्या तरी स्वप्नात आली. कोपऱ्यावरच्या घरातल्या पोरानं बारावी पास व्हावं म्हणून नवस बोलला होता, तो फेडायचा राहिला होता. पोरगा पास होऊन नोकरीला लागून त्याचं लग्नसुद्धा झालं होतं, पण देवीचं देणं ते देणंच. कुणाच्या माहेरची देवी, कुणाच्या मावशीची देवी, कुर्डुवाडीला राहणाऱ्या दिराच्या अंगात येणारी देवी. दुसऱ्या रविवारी चाचांच्या दुकानापुढं रांग लागली होती आणि रांगेतला प्रत्येक जण आबांना बघून हात जोडत होता. "देवीचं हाय, आबा." आबाही हात जोडत होते. फळ्यावरचा आकडा त्या दिवशी आणखी चढला होता.

म्हणजे शेवटी बहिष्कार पाळणारी गल्लीत दोनच घरं उरली. एक सरांचं, ज्यांना मटण खायचं नव्हतं, आणि एक आमचं, ज्यांना देवी नव्हती. आई म्हणाली, "आपल्यात बी येखांदी आसती तर बरं झालं आस्तं." आबांनी तिच्याकडं असं बघितलं की ती लगेच लसूण सोलायला लागली.

मी आबांना म्हटलं, सोडा हे, लोक तुमची थट्टा करतायत. ते म्हणाले, थट्टा न्हाय, पहिल्या रविवारी एकबी गेला न्हवता की, पुन्हा हुईल. बोलताना ते माझ्याकडं बघत नव्हते. मला त्यांची दया आली आणि दया आली याचा परत राग आला. कितीही चिडले तरी मला हे दिसत होतं की त्यांना हे जिंकायचंच होतं.

आता प्रचाराची बाजू. सरांनी गल्लीच्या ग्रुपवर जो मजकूर टाकला होता तो लांबलचक होता. त्यात सात्त्विक आहाराचं महत्त्व होतं, आरोग्य होतं, मनःशांती होती, अमुक चौकातल्या मटण दुकानातून कुणीही खरेदी करू नये असं आवाहन होतं, आणि सगळ्यात शेवटी एका ओळीत भाववाढीचा निषेध होता. सरांच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांना मटण न खायला कारण लागत नाही, म्हणून कारण शेवटी आलं, एवढंच. पण मजकूर एका ग्रुपमधून दुसऱ्यात गेला, दुसऱ्यातून तिसऱ्यात, आणि कुणीतरी मधेच तो आखूड केला. कापायचं तर माणूस खालूनच कापतो. भावाची ओळ गेली. उरलं ते एवढंच की अमुक गल्लीनं अमुक चौकातल्या दुकानावर बहिष्कार घातलाय. दुकान कुणाचं, हे सांगायची गरज नव्हती. पाटीवर नाव होतं.

गुरुवारी संध्याकाळी चार-पाच तरुण आमच्या घरी आले. आमच्या भागातले नव्हते. फार नम्र पोरं. चपला बाहेर काढल्या, आबांच्या पाया पडले, मला ताई म्हणाले. मी त्यांना चहा केला आणि वर बिस्किटं दिली, हे लिहून ठेवायला हवं.

त्यातला एकजण म्हणाला, "काका, तुमी लई मोठं काम केलंय. मोठमोठ्यांना जमलं न्हाय ते तुमच्या गल्लीनं करून दाखवलं."

आबांचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांना असं म्हणत होतं. ते म्हणाले, "अजून झालं न्हाय बाबा. भाव कुटं उतरलाय?"

"उतरंल की. न्हाई उतरला तर काय बिघडलं?"

"आं?"

"भावाचं सोडा हो काका. उद्या त्यानं फुकट दिलं तरी घ्यायचं न्हाय, असं बोला तुमी. दोन शब्द. आमी व्हिडिओ काढतो. शनिवारपासनं आमची पोरं येऊन थांबतील चौकात. काय करणार न्हाईत, नुसती थांबतील. कोण घ्यायला येतंय ते बघतील."

आबांनी चहाची बशी खाली ठेवली. व्हिडिओ नको म्हणाले, मला बोलता येत न्हाय. पोरं हसली, परत पाया पडली आणि व्यवस्थित चपला घालून गेली. जाताना एकानं कपबश्यासुद्धा आत आणून ठेवल्या.

मला अजून काही कळलं नव्हतं. मी आबांना म्हटलं, बघा, तुम्हाला पाठिंबा मिळाला. तेव्हा त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी मी या वयापर्यंत ऐकली नव्हती. ते लहान असताना आमच्या वस्तीनं गावकीची कामं करायचं सोडलं, म्हणून गावानं वस्तीवर बहिष्कार टाकला होता. दुकानात मीठ मिळेना, पिठाच्या गिरणीत दळण घेईनात. आजीनं आबांना पैसे देऊन दुकानात धाडलं. दुकानदार तसा मायाळू माणूस होता, एरवी गुळाचा खडा हातावर ठेवायचा. त्या दिवशी तो यांच्याकडं बघेना. आबा पैसे धरून तिथंच उभे राहिले. दुकानासमोर गावातली दोन पोरं बसली होती. काही करत नव्हती, नुसती बसली होती, दुकानदार कुणाला काय देतो ते बघत.

"आमी मीठ न लावता खाल्लं," आबा म्हणाले. "त्येचं काय न्हाय. पर त्यो दुकानदार बघत न्हवता गं माझ्याकडं."

मी म्हटलं, आबा, आपलं तसं नाही. आपलं भावाचं आहे.

"आपलं हाय. त्येंचं न्हाय."

शनिवारी पोरं खरोखर चौकात आली. तीन मोटारसायकली लावून चाचांच्या दुकानासमोर थांबली. कुणाला काही म्हणाली नाहीत. फक्त कुणी पिशवी घेऊन आलं की एकजण मोबाइल वर धरायचा. देवीचं मटण न्यायला निघालेली दोन माणसं चौकापर्यंत आली, मोबाइल बघितला आणि मेडिकलमध्ये शिरली. नंतर कुणी आलंच नाही. दिवसभर चाचा मोकळ्या दुकानात बसून होते.

गल्लीत मात्र त्या संध्याकाळी उत्साह होता. कसं का होईना, आता खरा बहिष्कार झाला, असं लोक म्हणत होते. सरांनी ग्रुपवर तिरंगी फुगे टाकले. अक्का तेवढ्या त्यात नव्हत्या. त्या मला हळूच म्हणाल्या, "कोण हाईत गं ती पोरं? मला न्हाय आवडलं." बाकी कुणी काही विचारलं नाही.

रविवारी सकाळी, श्रावणाच्या आधीचा तो शेवटचा रविवार, चाचांनी फळा पुसला आणि भाव खाली आणला. थोडाथोडका नाही, आखाडाच्या सुरुवातीला होता त्याच्याही खाली. बातमी वाऱ्यासारखी गल्लीत आली. "आबा, जिंकलो! आबा, उतरला भाव!" म्हणत चारजण आमच्या दारात आले. आबा आंघोळ करून सदरा घालत होते. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. हेच तर त्यांना हवं होतं. आता पिशवी घेऊन जायचं, बस्स. ठरलंच होतं तसं, भाव उतरला की दुसऱ्या मिनिटाला.

त्यांनी पिशवी घेतली आणि मला म्हणाले, चल.

चौकात मोटारसायकली होत्याच. गल्लीतली माणसं आमच्या मागं, पण चार पावलं अंतर ठेवून. आबा सरळ दुकानापुढं जाऊन उभे राहिले. चाचांनी मान वर केली नाही. ते ओंडक्यावरचा सुरा पुसत होते, जो आधीच स्वच्छ होता.

"अर्धा किलो दे," आबा म्हणाले. "कालच्या भावानं."

चाचांनी फळ्याकडं बोट केलं. "भाव लिवलाय."

"लिवलेला नको. कालचा लाव."

"आबा, चेष्टा करायला आलाय का?"

"तू मला कालच्या भावानं देतोस का न्हाय?"

आयुष्यात भाव पाडून मागणारी गिऱ्हाइकं मी पुष्कळ बघितली, त्यात मी स्वतःही आहे. भाव चढवून मागणारं गिऱ्हाईक त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं, आणि ते नेमकं आमच्या घरचं निघालं. मागून कुणीतरी म्हणालं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. चाचांना राग आला. त्यांनी सुरा आपटला.

"बंद तूच केलंस, आता चालू तूच करतोस. खेळ हाय का माझ्या धंद्याचा? नक्को मेरेकू तुम्हारी मेहरबानी."

आबा मान खाली घालून उभे राहिले, पण हलले नाहीत. मग चाचांनी त्यांच्याकडं नीट बघितलं, मोटारसायकलींकडं बघितलं, परत आबांकडं बघितलं. काय समजले ते मला सांगता येणार नाही. त्यांनी हातातल्या फडक्यानं फळा पुसला आणि कालचा आकडा लिहिला. मग अर्धा किलो तोलून दिलं. आबांनी त्या भावानं पैसे मोजून ठेवले. एका पोरानं मोबाइल वर धरला होता. आबा त्याच्याकडं वळून पिशवी उंच करून म्हणाले, "काढ की फोटू. नीट दिसतंय का?"

"काका, तुमीच असं केल्यावर कसं?"

"बहिष्कार मीच घातला हुता, मीच उठवला."

"का पण?"

"मला खावंसं वाटलं," आबा म्हणाले.

पोरं थोडा वेळ थांबली. पण गल्लीच जर खात असेल तर तिच्या नावानं व्हिडिओ कसला काढायचा, हा त्यांच्यापुढं प्रश्न पडला असावा. त्यात गल्लीच्या पिशव्या बाहेर पडल्या. कुणाला काही पटलं म्हणून नव्हे, श्रावण दोन दिवसांवर होता म्हणून. अक्का सगळ्यात आधी रांगेत आल्या आणि त्यांनी देवीचं नावही घेतलं नाही. दुपारपर्यंत चौकात एकही मोटारसायकल उरली नव्हती.

घरी आईनं मटण शिजवलं. आधी बिनमसाल्याचं आळणी पाणी काढून आबांना वाटीत दिलं, मग काळा मसाला घालून रस्सा केला. इतक्या दिवसांनी खाताना मला लाज वाटली पाहिजे होती. वाटली नाही. मी दोनदा भाकरी मागून घेतली. आबांनी एक फोड खाल्ली आणि म्हणाले, "महाग हाय. पर मऊ हाय."

गल्लीनं याचा जो हिशेब केला तो असा. सगळी गल्ली एकजुटीनं उभी होती. विजय हातात आला होता, भाव उतरला होता. तेवढ्यात आबांच्या जिभेला धीर निघाला नाही. बरं, खायचं ते खायचं, तर उतरलेला भाव स्वतः परत चढवून आले. देवीच्या नावानं तीन-तीन वेळा मटण नेणारे लोक हे एकमेकांना सांगत होते. कुणी म्हणालं, चाचानं आबांना आतून मटण पोचवलं असणार. सरांनी ग्रुपवर लिहिलं की नेतृत्वानं संयम गमावल्यास चळवळीचं काय होतं याचं हे उदाहरण आहे. आमच्या गल्लीत मटणाचा बहिष्कार एकाच माणसानं मोडला, आणि तो माणूस म्हणजे माझे वडील, हे आता पक्कं झालंय. चाचासुद्धा आबांशी पूर्वीसारखं बोलत नाहीत. मटण देतात, फळ्यावरच्या भावानं, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळतात.

परवा पाणी आलं होतं. तेलाच्या भावावरून बोलणं चाललं होतं. कुणीतरी म्हणालं, तेलावरबी घालूया की बहिष्कार. त्यावर कोपऱ्यावरचे गृहस्थ, तेच ते बारावीच्या नवसाचे, आबांकडं बघून म्हणाले, "घालूया, पर आबांना भज्याचा वास येऊ देऊ नका." सगळे हसले. आबाही हसले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी घागर तिथंच टाकली आणि आबा घरात गेले तशी त्यांच्यामागं आत येऊन म्हटलं, आता बस्स झालं. मी जाऊन सांगते सगळ्यांना. ती पोरं कोण होती, काय म्हणत होती, त्यांच्या धाकानं उतरलेला भाव तुम्ही का घेतला नाहीत, सगळं सांगते. तुम्हाला खादाड म्हणतायत हे लोक, आणि तुम्ही त्यांच्याबरोबर हसताय?

आबा खुर्चीत बसून पायाचे पंजे पुसत होते. पाणी भरताना त्यांचे पाय नेहमी भिजतात.

"सांगितलंस की काय हुईल?" ते म्हणाले. "ती पोरं कशासाठी आलती त्ये गल्लीत सगळ्यांच्या तोंडी हुईल. आर्धी म्हणतील, वाईट केलं. आर्धी म्हणतील, वाईट काय केलं? मग चाचाच्या दुकानापुढं जाताना प्रत्येक माणूस इचार करंल. आत्ता करतंय का कोण?"

बाहेर अक्का माझी घागर नळाखाली धरून मला हाका मारत होत्या.

"मग तुम्ही हरलात ते?" मी विचारलं.

"हरलो की," आबा म्हणाले. "भावावरनं हरलो. त्ये तसंच ऱ्हाऊ दे."